वंगणाचें नळकांडें

विषयाचें नांव ऐकूनच कित्येक वाचक पान उलटतील अशी आम्हांस भीति वाटते. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यानें तीस-बत्तीस वर्षें घालविलीं त्या माणसानें लिहावयाचें तर कवितेवर लिहावें; निदान पाऊस, चहा किंवा जुनी छत्री ह्यांवर तरी लिहावें. त्यानें ट्रॅक्टरच्या तेलाचीं पिंपें, नरसाळीं आणि ग्रीसचे डबे ह्यांवर लेखणी झिजवावी हें कोणासहि विचित्र वाटेल. आम्हांलाहि तें बरीच वर्षें विचित्र वाटत होतें. आणि तसें वाटत होतें म्हणूनच पुढील गोष्ट घडली. तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आमचें गांव पहूर. जळगांवाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वाघूर नदीच्या कांठीं, जामनेर तालुक्यांत तें वसलें आहे. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी अरुंद रुळांची लहान गाडी पूर्वीं येथें थांबत असे. २०२० पासून तीहि बंद पडली. जमीन काळी, पीक मुख्यतः कापसाचें, आणि उन्हाळा असा कीं वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढून बसतो व खालीं उतरण्याचें नांव घेत नाहीं. ह्या गांवीं आमच्या आजोबांची एक बैलगाडी होती, आणि त्या गाडीपासूनच आमच्या हकीकतीस आरंभ केला पाहिजे.

गाडीच्या साट्याखालीं बांबूचें एक नळकांडें दोरीनें टांगलेलें असे. त्यांत एरंडेल आणि काजळी कालवून केलेलें काळेंभोर वंगण, वंगणांत एक काडी, आणि काडीच्या टोकास चिंधी गुंडाळलेली. लांबच्या बाजारास निघावयाचें असलें म्हणजे आजोबा पहांटे उठून कंदिलाच्या उजेडांत चाकाची खीळ काढीत, चाक वीतभर बाहेर ओढीत, कणा जुन्या धोतराच्या फडक्यानें स्वच्छ पुशीत, आणि मगच त्यावर वंगण चढवीत. ह्या पुसण्यावर त्यांचा फार कटाक्ष असे. न पुसतां वंगण घालणें म्हणजे चाकाला धूळ चारणें, असें ते म्हणत. काम झालें कीं नळकांड्याच्या तोंडांत चिंधीचा बोळा घट्ट बसवीत; आणि गाडी घरीं परतली म्हणजे तें नळकांडें गोठ्यांतील एका ठराविक खुंटीस अडकवीत. कुरकुरणारी गाडी आपल्या धन्याचा आळस गांवभर सांगत हिंडते, हें त्यांचें नेहमींचें वाक्य होतें. त्यांची अक्षरओळख बेताची होती. परंतु तेलाच्या व्यवहाराचे पहिले दोन नियम, म्हणजे स्वच्छता आणि झांकण, हे त्यांस कोणीं पुस्तकांतून शिकविण्याची गरज पडली नव्हती.

१९७९ सालीं आमच्या तीर्थरूपांनीं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. आम्ही त्या वेळीं अकरा-बारा वर्षांचे होतों. ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहिलें, चाकाखालीं लिंबू ठेवलें, नारळ फोडला आणि गल्लींत पेढे वांटले. दुसऱ्या दिवशीं डिझेलचें पहिलें पिंप, गांवच्या भाषेंत बॅरल, घरीं आलें. आणि आलें तें आजोबांच्या बैलगाडींतून! ज्याच्या येण्यानें बैलांची चाकरी जावयाची त्याचें अन्न बैलांनींच ओढून आणावें, ह्यांतील विनोदाकडे त्या दिवशीं कोणाचें लक्ष गेलें नाहीं. आजोबांनीं मात्र त्या २०० लिटरांच्या लोखंडी पिंपाभोंवतीं एक फेरी घातली आणि विचारलें, "ह्याला बोळा कोठें लावतात?" सर्व मंडळी हंसली. तीर्थरूपांनीं माथ्यावरील आट्यांचें बूच दाखविलें. आजोबांनीं तें दोन बोटांनीं चांचपून पाहिलें, आणि कांहीं न बोलतां ते बैल सोडावयास गेले. बॅरल गोठ्याबाहेर, उघड्यावर, लिंबाच्या झाडाशेजारीं उभें करण्यांत आलें, आणि पुढें सात वर्षें त्याची जागा तीच राहिली.

ट्रॅक्टर चालविण्याचें काम नानांकडे आलें. नाना आमचे सालदार. आमच्या भागांत सालदाराचें वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतें आणि पुढच्या आखाजीला संपतें. नानांनीं आमच्या घरीं अशा कितीतरी आखाज्या पाहिल्या होत्या. बैल हांकणारा हात त्यांनीं महिन्याभरांत नव्या यंत्रावर बसविला. डिझेल काढण्याची त्यांची रीत मात्र साऱ्या गांवाची होती तीच. रबराची नळी बॅरलांत सोडावयाची, दुसरें टोंक तोंडांत धरून जोरानें ओढावयाचें, आणि तेल ओठांशीं आलें कीं झटकन् नळी डब्यांत सोडावयाची. मग थुंकावयाचें आणि चूळ भरावयाची. कामाच्या दिवसांत हें दिवसांतून दोनदां होई. आम्हां मुलांना तो एक खेळच वाटे. नाना किती चपळाईनें नळी काढतात हें पाहण्यासाठीं आम्ही मुद्दाम जवळ जाऊन उभे राहत असूं.

ट्रॅक्टरबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलें होतें. घरांत इंग्रजी वाचणारे आम्हीच पहिले. त्यामुळें १९८५ मध्यें आम्ही जळगांवास कॉलेजांत गेल्यापासून त्या पुस्तकावर आमचा एकट्याचा अधिकार चालूं लागला. पाहुणे आले म्हणजे तीर्थरूप कपाटांतून तें पुस्तक काढीत आणि आम्हांकडून एखादा उतारा मोठ्यानें वाचून घेत. अर्थ कोणी विचारीत नसे आणि आम्हीहि सांगत नसूं. उच्चार ऐकूनच मंडळी तृप्त होत. एके दिवशीं आम्ही ओट्यावर वर्ड्‌स्वर्थच्या कविता वाचीत बसलों असतां नाना जवळ आले, आणि पायरीशीं उभे राहून म्हणाले, "भाऊ, त्या ट्रॅक्टरच्या पुस्तकांत काय लिव्हेल हाये?"

आम्हीं पानावरून मान वर न करतां उत्तर दिलें, "कांहीं नाहीं, नाना. तेलपाण्याच्या गोष्टी आहेत."

"बरं," असें म्हणून नाना गेले. आमचें उत्तर खोटें नव्हतें. त्या पुस्तकांत खरोखरच तेलपाण्याच्या गोष्टी होत्या.

पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९८६ च्या जून महिन्यांत, मृग लागण्याच्या सुमारास दोन-तीन चांगल्या सरी येऊन गेल्या. दिवसां रखरखीत ऊन आणि रात्रीं पावसाचा गारवा, असा क्रम चालला होता. उभ्या बॅरलाच्या माथ्याभोंवतीं लोखंडाचा एक उंच कांठ असतो. पाऊस पडला कीं त्या माथ्याचें ताट होतें आणि बूच ताटांतील पाण्यांत बुडून जातें. दिवसां ऊन लागलें म्हणजे आंतील तेल आणि हवा हीं दोन्ही फुगतात आणि थोडी हवा बुचाच्या आट्यांतून बाहेर निसटते. रात्रीं गारवा पडला म्हणजे तीं आकसतात आणि बाहेर जें असेल तें आंत ओढून घेतात. बाहेर पाणी असलें तर पाणीच ओढलें जातें. २०० लिटर डिझेलचें तपमान १५ अंशांनीं वाढलें तर तें सुमारें अडीच लिटरांनीं फुगतें. ह्यावरून ह्या श्वासोच्छ्‌वासाचा जोर ध्यानांत यावा. बूच कितीहि घट्ट लावलेलें वाटो, उघड्यावर उभें असलेलें बॅरल असें रात्रीं-रात्रीं पाणी पीत असतें. पाणी तेलाहून जड, म्हणून तें तळाशीं जाऊन बसतें. वरून पाहणाऱ्याला तेल पूर्वींसारखेंच स्वच्छ दिसतें.

उपाय म्हणाल तर एखाद्या मुलानेंहि सुचवावा इतका सोपा आहे. बॅरल छपराखालीं ठेवावें. लांकडाच्या दोन ओंडक्यांवर तें आडवें निजवावें आणि असें फिरवावें कीं त्याचीं दोन्ही बुचें घड्याळांतील तीन आणि नऊ ह्या आंकड्यांच्या जागीं, एका आडव्या ओळींत येतील. मग बुचांना आंतून तेल लागून राहतें आणि बाहेरून त्यांवर पाणी सांचत नाहीं. ह्यास खर्च दोन ओंडक्यांचा.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं चार थेंब पाणी गेल्यानें एवढें काय होणार? त्याचें उत्तर असें कीं, डिझेल हें ट्रॅक्टरचें नुसतें अन्न नव्हे. इंजिनांत तेल सोडणाऱ्या पंपाचें वंगणहि तेंच. त्या पंपांतील दट्ट्या आणि तो ज्यांत खालीं-वर होतो तें पोलादी नळकांडें ह्यांमधील अंतर, एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर, त्यांपैकीं दोन-तीन भागांएवढेंच असतें. माणसाचा केंस त्याच्या वीसपट तरी जाड भरेल. त्या फटींत तेलाच्या जागीं पाणी शिरलें कीं वंगण संपलें. पोलादावर पोलाद घांसतें, गंज चढतो आणि दट्ट्या जागच्या जागीं अडकतो. म्हणजे आजोबांचा चाकाचा कणा आणि हा पंपाचा दट्ट्या ह्यांचा धर्म एकच. फरक एवढाच कीं कणा कुरकुरून आधीं सूचना देतो. दट्ट्या देत नाहीं.

त्या सकाळीं ट्रॅक्टर शेताच्या मध्यावर दोन आचके देऊन उभा राहिला. जळगांवाहून मिस्त्री आला. त्यानें गाळणीखालची कांचेची वाटी सोडवून उजेडांत धरली, तेव्हां तेलाच्या खालीं पाण्याचा थर आम्हां सर्वांना स्पष्ट दिसला. पंप खोलून तो दुरुस्तीस घेऊन गेला, आणि संध्याकाळपर्यंत टांकी धुऊन चांगलें तेल तयार ठेवा असें बजावून गेला. आभाळ भरलें होतें. शेजाऱ्यांच्या तिफणी शेतांत उतरल्या होत्या. बॅरल न हालवितां वरचें चांगलें तेल डब्यांत काढून घ्यावें, तळचें तसेंच राहूं द्यावें, असें ठरलें. नळीचें टोंक तळाशीं जाऊं नये म्हणून ती पुन्हां पुन्हां वर घ्यावी लागे. वर घेतली कीं धार तुटे. आणि धार तुटली कीं नानांना नव्यानें ओढावें लागे. रोज दोनदां करावयाचें तें त्यांनीं त्या दुपारीं दहा-बारा वेळां केलें. सहाव्या कीं सातव्या डब्याच्या वेळीं नळी तोंडांतून निघण्यापूर्वींच तेल आलें, आणि नानांना जबर ठसका लागला.

ते खोकत खोकत खालीं बसले. डिझेल पोटांत गेलें अशी सर्वांची समजूत झाली, आणि ओकारी काढविण्यासाठीं मिठाच्या पाण्याचा तांब्या आणला तो आम्हींच. शाळेंतील प्रथमोपचाराच्या धड्यांतलें तेवढेंच आम्हांला आठवत होतें. डिझेल पातळ आणि पसरणारें. ठसक्याबरोबर तें श्वासनळींत उतरतें आणि फुप्फुसाच्या आंतल्या बाजूवर पसरून तेथें दाह उत्पन्न करतें. ओकारी काढविली तर वर येणारें तेल पुन्हां श्वासमार्गांत शिरण्याचा धोका असतो; म्हणून अशा माणसाला ओकारी मुळींच काढवूं नये, तडक दवाखान्यांत न्यावें, असा वैद्यकाचा दंडक आहे. हें आम्हांला फार उशिरां कळलें. रात्रीं नानांना ताप भरला, श्वास अपुरा पडूं लागला, आणि पहांटे त्यांना जळगांवास हलविलें. तीन आठवडे ते तेथें होते. ते वांचले, परंतु पूर्वींचा दम पुन्हां त्यांच्या छातींत आला नाहीं, आणि जो खोकला त्या दिवशीं लागला तो शेवटपर्यंत सोबतीला राहिला. त्या वर्षींची आमची पेरणी शेजाऱ्यांच्या बैलांनीं झाली.

नानांना जळगांवास नेलें त्या रात्रीं आम्हीं कपाटांतून तें पुस्तक काढलें आणि पहिल्यानेंच अर्थासाठीं वाचलें. बॅरल आडवें निजविण्याचें चित्र त्यांत होतें. तेल ठेवल्यावर निदान एक दिवस निवळूं द्यावें, हें होतें. दिवसाचें काम संपल्यावर संध्याकाळींच टांकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीं रिकाम्या जागेंतील हवेची वाफ गार होऊन तिचें पाणी तेलांत उतरत नाहीं, हें होतें. आणि त्याच पानाच्या तळाशीं एका चौकटींत, जाड अक्षरांत, अशी सूचना होती कीं नळीनें तेल काढतांना तोंडानें कधींहि ओढूं नये, हातपंप वापरावा. पाहुण्यांपुढें आम्हीं जो उतारा नेहमीं मोठ्यानें वाचीत असूं, तो ह्या पानाच्या अलीकडच्याच पानावर होता.

नाना परत आल्यावर कित्येक दिवस आम्ही त्यांची नजर टाळीत होतों. शेवटीं एका संध्याकाळीं त्यांच्या घरीं गेलों आणि सर्व सांगून टाकलें: पुस्तकांत लिहिलें होतें, तुम्हीं विचारलें होतें, आणि आम्हीं सांगितलें नाहीं. नाना बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "भाऊ, माहीत राहतं तरी मी तोंडानंच ओढलं असतं. पंप कुठं व्हता आपल्याजवळ?"

ह्या उत्तरावर आम्हीं पुढें पुष्कळ विचार केला आहे. आम्ही आपल्या अपराधाची कबुली घेऊन गेलों होतों. नानांनीं ती नाकारलीहि नाहीं आणि आम्हांस क्षमाहि केली नाहीं. त्यांनीं त्या अपराधांत आणखी एक वांटेकरी दाखवून दिला. ज्ञान त्यांच्यापर्यंत पोंचलें नाहीं हें खरें. परंतु पोंचलें असतें तरी त्याचा उपयोग करण्याचें साधन त्यांच्या हातीं नव्हतें. तीर्थरूपांनीं ट्रॅक्टरला रंगीत झालर, दोन आरसे आणि पुढें पितळी मोर बसविला होता. तेवढ्या पैशांत हातपंप आला असता. पण मोर रस्त्यानें जाणाऱ्याला दिसतो, आणि पंप वापरावयाचा तो सालदारानें. घरांतील पैसा मोर विकत घेई, घरांतील विद्या पाहुण्यांसाठीं वाचून दाखवी, आणि तेल काढण्यास नानांचें तोंड होतेंच. दिव्याखालीं अंधार असतो असें म्हणतात. आमच्या घरीं दिव्याला तेल घालणारा माणूसच त्या अंधारांत उभा होता.

१९९१ मध्यें आम्हांला नोकरी लागली. पहिल्या पगारांतून आम्हीं जळगांवच्या बाजारांतून बॅरलावर बसवावयाचा, हातानें फिरविण्याचा एक पंप घेतला आणि पहूरास नेला. नानांनीं तो बसविला, दांडा फिरविला, आणि नळींतून धार पडूं लागली तेव्हां ते हंसले. हंसतां हंसतां त्यांना खोकला आला. २००३ मध्यें नाना वारले. त्यांच्या आजाराला त्या दुपारीं गेलेलें डिझेल किती कारण होतें हें कोणी सांगूं शकणार नाहीं, आणि आम्हीं कोणाला विचारलेंहि नाहीं.

तेव्हांपासून तेलासंबंधीं जें हातीं येईल तें वाचण्याची आम्हांला खोड लागली. वर्गांत काव्य शिकवावें आणि घरीं येऊन वंगणावरचीं पुस्तकें उघडावीं, असा आमचा क्रम पाहून आमचे सहकारी थट्टा करीत. पण ह्या वाचनांत आम्हांला अनेक ओळखीचीं माणसें भेटलीं. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत रुडॉल्फ डिझेल ह्यांच्या पद्धतीचें एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें, हें वाचलें तेव्हां आम्हांला आजोबांचें एरंडेलाचें नळकांडें आठवलें. ज्या इंजिनाला आम्ही परकें समजत होतों त्याचा आमच्या घाण्याच्या तेलाशीं असा जुना संबंध निघाला! ग्रीस म्हणजे दुसरें कांहीं नसून साबणांत धरून ठेवलेलें तेल, हें कळलें तेव्हां आजोबांच्या काजळीचा हेतूहि थोडा उमगला: तेल ओघळून जाऊं नये, कण्याला चिकटून राहावें, हीच दोन्हींकडची खटपट. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत जें नवें डिझेल मिळूं लागलें त्यांतील गंधक फार कमी केलें आहे. पण तें काढतांना तेलाचा नैसर्गिक वंगणगुणहि कमी होतो, म्हणून वंगणासाठीं वेगळें द्रव्य त्यांत घालावें लागतें, हेंहि असेंच समजलें. तेव्हां वंगण हा विषय आजोबांबरोबर संपला नाहीं.

कांहीं गोष्टी वाचून मात्र धास्ती वाटली. पेट्रोल पेटतें, डिझेल पेटत नाहीं, अशी आमच्या गांवीं सरसकट समजूत आहे. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडींतहि पेट घेते आणि ती हवेहून जड असल्यामुळें जमिनीवरून सरपटत दूरच्या चुलीपर्यंत जाते, हें खरेंच. परंतु डिझेलची वाफ ज्या उष्णतेवर ठिणगीनें पेट घेऊं शकते ती आपल्या मानकाप्रमाणें ३५ अंशांपर्यंत खालीं असूं शकते. थंड देशांत हा आंकडा दूरचा वाटत असेल. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत सावलींतहि पारा त्याच्या पुढें जातो, मग उन्हांत तापलेल्या लोखंडी बॅरलाची गोष्ट काय बोलावी? १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणें डिझेलसारखें तेल एका ठिकाणीं २५०० लिटरांपर्यंत, आणि कोणतेंहि एक भांडें १००० लिटरांहून मोठें नसल्यास, परवान्यावांचून ठेवतां येतें. पेट्रोलची मर्यादा अवघी ३० लिटरांची आहे. कायद्यानें शेतकऱ्यावर एवढा विश्वास टाकला आहे तो ह्या अपेक्षेनें कीं बॅरलाजवळ तो विडी ओढणार नाहीं, वाळूच्या दोन बादल्या जवळ ठेवील, आणि पेटलेल्या तेलावर पाणी ओतणार नाहीं. कारण तेल पाण्यावर तरंगतें आणि आग पाण्याबरोबर पसरते.

तेलाशीं बेइमानी कोठपर्यंत जाते हेंहि आमच्या शेजारच्या जिल्ह्यानें पाहिलें आहे. शिधापत्रिकेवरचें स्वस्त रॉकेल ओळखूं यावें म्हणून तें निळें रंगवीत. तरी तें डिझेलमध्यें मिसळलें जाई. अशा भेसळीनें पंपाचें वंगण जातें, हें शेतकऱ्याचें नुकसान झालें. पण २५ जानेवारी २०११ रोजीं मनमाडजवळ पानेवाडी येथें, जेथें तेलकंपन्यांचे मोठे सांठे आहेत, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे हे भेसळीचा प्रकार उघडकीस आणीत असतां त्यांच्यावर तेल ओतून त्यांना जिवंत जाळण्यांत आलें. ती बातमी वाचली त्या दिवशीं आम्ही वर्गांत शिकवूं शकलों नाहीं. तेलपाण्याच्या गोष्टी म्हणून ज्यांस आपण हलकें लेखतों त्यांवर माणसांचे प्राण लोंबकळत असतात, हें दुसऱ्यांदां कळलें.

आतां शेती आमचा पुतण्या पाहतो. आजचे ट्रॅक्टर अधिक शहाणे आहेत, पंप गांवाच्या वेशीवर आले आहेत, आणि मराठी माहितीपुस्तिकाहि मिळूं लागल्या आहेत. परंतु गेल्या उन्हाळ्यांत पहूरास गेलों तेव्हां पुतण्याची पुस्तिका ट्रॅक्टरच्या पेटींत, प्लॅस्टिकच्या पिशवीसह, न फोडलेली मिळाली. आणि स्वयंपाकघराच्या कोनाड्यांत, पाण्याच्या बाटल्यांशेजारीं, शीतपेयाच्या एका बाटलींत फवारणीयंत्राचें पेट्रोल भरून ठेवलेलें दिसलें! घरांत चार वर्षांचें मूल आहे. आम्हीं ती बाटली उचलली, पण रागावलों नाहीं; रागावण्याचा अधिकार आपण १९८६ मध्येंच गमावला हें आम्ही जाणून होतों. पेट्रोलसाठीं झांकणाचा लोखंडी डबा आणला आणि तो घराबाहेर, कुलपांत ठेवविला. बॅरल छपराखालीं ओंडक्यांवर निजविलें. इंजिनांतून निघालेलें काळें तेल विहिरीच्या वाटेवर ओतीत, तें बंद करून त्यासाठीं वेगळें पिंप ठेवलें. मग दुपारभर बसून एका मोठ्या कागदावर ठळक मराठी अक्षरांत दहा-बारा वाक्यें लिहिलीं आणि तो कागद गोठ्याच्या भिंतीवर चिकटविला. मथळा घातला: तेलपाण्याच्या गोष्टी.

त्या कागदाच्या वरच आजोबांची खुंटी आहे. वाळलेल्या वंगणानें दगडासारखें झालेलें तें नळकांडें अजून तिच्यावर आहे, आणि त्याच्या शेजारीं दुसरी खुंटी ठोकून नानांचा हातपंप टांगलेला आहे. तोंडाला चिंधीचा बोळा लावलेला असतो. ही पद्धत नानांनींच घातली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही ओट्यावर पुस्तक घेऊन बसलों होतों. पुतण्याकडे नवीन लागलेला ट्रॅक्टरचालक, वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, कागदापुढें उभा राहून ओठ हालवीत वाचीत होता. थोड्या वेळानें तो पायरीशीं आला आणि म्हणाला, "सर, टांकी सकाळीं भरली काय आणि संध्याकाळीं भरली काय, तेल तेवढंच ना?"

आम्हीं पुस्तक मिटलें आणि त्याच्याबरोबर गोठ्याकडे गेलों.